आमचा भातलावणी महोत्सव

मी एकदा ठरवलं की ठरवलं! डोळखांबजवळच्या आमच्या पाड्यावर पर्यटक आणायचे म्हणजे आणायचेच. लग्न होऊन इथं आले त्याला जेमतेम दहा महिने झाले होते, तरी ग्रामसभेत उभी राहून मी ठणकावलं, "ठाण्याची माणसं येतील, चिखलात उतरतील, भात लावतील आणि गावाचं नाव करतील!"

सासूबाई, कमळाबाई, शेजारीच बसल्या होत्या. पुटपुटल्या, "इथली पोरं चिखलात उतरत नाय, नि ठान्याची उतरतील?"

झालं! मी लगेच किन्हवलीच्या साईनाथ फ्लेक्सवाल्याला फोन लावला. आमच्याकडची रेंज म्हणजे रुसलेला जावई. आला म्हणेपर्यंत गेलेला! मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "भातलावणी महोत्सव! जेवण मोफत!"

"कळला, वयनी!" साईनाथ म्हणाला.

त्याला काय कळलं, ते मला रविवारी सकाळी कळलं.

जीपमागून जीप येऊ लागली. खर्डीपासून मुरबाडपर्यंतचे दीडशे पुरुष उतरले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, डोळ्यांवर गॉगल, काहींच्या मनगटाला मोगऱ्याचे गजरे! ठाण्याचं एकच कुटुंब आलं होतं. ते गमबूट घालून कोपऱ्यात भेदरून उभं.

नवशा नावाचे एक मिशाळ पाहुणे पुढे आले. "बाई कुठं हायेत?"

"मीच की!"

त्यांचा चेहरा पडला. "तुमी लावणी करनार?"

"मी एकटी कशाला? तुम्ही सगळ्यांनी करायची! चिखलात!"

"आमी? नि ढोलकी?"

"ढोलकी कशाला? वाकायचं आणि मागं मागं सरकत जायचं!"

नवशाभाऊंनी मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो दाखवला. 'भव्य लावणी महोत्सव! सोबत भात मोफत!'

माझ्या पायाखालची जमीन सरकली. "फसवनूक!" मागून कोणीतरी ओरडलं. पण जीपवाले निघून गेले होते, परत येणार चारला. पाहुणे अडकले आणि मीही!

मी पदर खोचला, दगडावर चढले. "भात मोफत म्हटलंय ना? मिळेल! पण भात लावल्याशिवाय येतो कुठून? आज दीडशे मर्द चिखलाला घाबरले, असं व्हायला नको!"

नवशाभाऊंच्या मिशा थरथरल्या. त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. "आरं, चला रे! आलोच हाय तर लावून जाव!"

सासूबाई घरी टोपभर भात शिजवायला बसल्या. मी घरामागे रचून ठेवलेल्या रोपांच्या जुड्या प्रत्येकाच्या हातात दिल्या, फौज घेऊन निघाले आणि चिखल केलेलं खाचर दिसताच सगळ्यांना उतरवलं.

काय सांगू तुम्हाला! पांढरे कपडे दहा मिनिटांत म्हशीच्या रंगाचे झाले. नवशाभाऊ दोनदा बसले, एकदा झोपले. ठाण्याच्या कुटुंबातल्या आजी त्यांना ओरडून शिकवत होत्या, "अहो, रोप उलटं लावताय!" हसण्याचा नुसता गदारोळ! दोन वाजता शेवटची जुडी संपली. खाचर हिरवंगार! माझी मान बगळ्यासारखी ताठ.

तेवढ्यात सासूबाई भात घेऊन आल्या. खाचराकडे पाहून म्हणाल्या, "लय बेस लावलंय गो."

"मग? म्हटलं होतं ना, आई!"

"हां. पन ह्या खाचर आपला नाय. काळूरामचा हाय."

पलीकडे झाडाखाली काळूरामदादा छत्री उघडून निवांत बसले होते.

"दादा, तुम्ही सकाळपासून बघताय, बोलला का नाही?"

"वयनी," ते गंभीरपणे म्हणाले, "पावनी मानसा एवढ्या हौशीनं लावत होती. मधी बोलना बरा दिसला नसता!"

दुसऱ्या दिवशी काळूरामदादांचीच रोपं आणून आम्ही सासूसुनांनी आमचं खाचर लावलं. तीन दिवस मी वाकूनच चालत होते.

पुढच्या ग्रामसभेत सरपंचांनी विचारलं, "महोत्सव कसा झाला?"

"यशस्वी! पुढच्या वर्षीही घेणार!" मी तितक्याच जोरात म्हणाले.

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात काळूरामदादांच्या!