न चाखलेली डाळ

अन्नपूर्णेच्या देवळातल्या आचाऱ्याने डाळीत मूठभर मीठ टाकलं, ढवळलं, आणि मागून बायको म्हणाली, "अहो, मीठ टाकलंय हं मी."

आचाऱ्याचा हात थबकला. नैवेद्याआधी चाखायचं नाही, हा देवळाचा नियम. एकट्याचा अंदाज कधी चुकला नव्हता, पण दोघांचे अंदाज एकाच पातेल्यात पडल्यावर काय करणार, कपाळ! त्यातून देवळाच्या अध्यक्षांनी कालच बजावलं होतं, "अन्नपूर्णेच्या घरी अन्न वाया गेलं, तर चुलीपाशी दुसरा माणूस आणीन."

"पाणी घाला की," बायको म्हणाली.

पाणी घातलं. डाळ पातळ झाली, म्हणून आणखी डाळ शिजवून ओतली. पातेलं काठोकाठ भरलं, म्हणून दुसरं काढलं. डाळ वाढली तर भात नको? तोही चढला.

"आता एवढं खाणार कोण? तुमचे अध्यक्ष?"

नैवेद्य झाला. आता चाखायला हरकत नव्हती, पण धीर कुणाला होता! आचारी ओल्या हातांनीच रस्त्यावर धावला. शिंपी, बसची वाट बघणारे, समोरच्या इस्पितळाबाहेर ताटकळलेले नातेवाईक, दिसेल त्याला म्हणत सुटला, "जेवायला चला हो, पाया पडतो!" देवळाचा माणूस आपल्याच पाया पडतोय म्हटल्यावर लोक आले. मुकाट्याने जेवले, वर आणखी मागून घेतलं. आचाऱ्याला वाटलं, बिचारे भिडेखातर गिळताहेत.

तेवढ्यात अध्यक्ष आले. पातेल्यांत वाकून बघितलं. "काहीच उरलं नाही?"

"कणसुद्धा नाही, साहेब."

"अहो, मग मी काय खाऊ? सकाळपासून उपाशी आहे मी!"

इस्पितळातून आलेल्या एका बाईंनी नुकतंच ताट वाढून घेतलं होतं. त्या सरकून म्हणाल्या, "या, बसा दोघं. दादा, तुम्ही तरी कुठे जेवलात?"

इतकी वर्षं सगळ्यांना वाढलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. आचाऱ्याने डोळे पुसत घास घेतला आणि बायकोकडे बघितलं. "अगं, ही तर अळणी आहे!"

"अगं बाई! म्हणजे मी मीठ भाजीत टाकलं होतं."

"फारच अळणी," अध्यक्ष पुटपुटले.

"जेवा गुमान," बाई म्हणाल्या. "माझ्या पोटात कालपासून अन्न नव्हतं. मला तर गोड लागतंय."

अध्यक्षांनी मान खाली घालून ताट चाटूनपुसून साफ केलं आणि हात धुता धुता म्हणाले, "उद्याही एवढाच स्वयंपाक करा. आणि बोलवायला जाल तेव्हा मलाही हाक मारा, मीही येतो."