निम्मं पुस्तक शेठचं

पुस्तकासमोर नारळ फोडायचं साळुबाईंनी ठरवलं, तेव्हा त्यांचा मुलगा सुदर्शन मोरीत हातपाय धूत होता. आपण ओट्यावर असतो तर पुढचं काही घडलंच नसतं, असं तो आजही शिनोलीत भेटेल त्याला सांगतो.

पुस्तक काही साधंसुधं नव्हतं. सुदर्शनची मुलगी वृषाली फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होती आणि माणसाच्या शरीरात डोक्यापासून तळव्यापर्यंत जे जे असतं, ते सगळं त्यात रंगीत चित्रांसकट होतं. मागे छापलेला आकडा पाहून सुदर्शनला आधी वाटलं, हे वजन असावं, ग्रॅममध्ये. ती किंमत आहे हे कळल्यावर तो दुकानातल्या स्टुलावर बसला होता. कॉलेजच्या लायब्ररीत एकच प्रत, आणि तिच्यामागे सगळा वर्ग. शेवटी घोडेगावच्या सुवालालशेठशी भागीदारी ठरली. त्यांची नात रिद्धी वृषालीच्याच वर्गात होती. पैसे निम्मे निम्मे. पुस्तक पहिला आठवडा शिनोलीत, दुसरा घोडेगावात आणि त्यानंतरच्या सोमवारी पेपर.

सुदर्शन तोंड पुसत बाहेर आला, तर पाटावर पुस्तक मधोमध उघडलेलं. दोन्ही पानांवर हळदकुंकू, आणि शेजारच्या दगडावर साळुबाईंनी हाणलेला नारळ नुकताच फुटलेला. नारळ चांगला भरलेला होता. त्यातलं सगळं पाणी पुस्तक तहानलेल्या वासरासारखं पीत होतं.

"आई! अगं काय केलंस हे?"

"नव्या वस्तूला नारळ नगं व्हय? ट्रॅक्टरला फोडला, मोटारीला फोडला. ह्ये तर लई महागाचं म्हनतुस."

"ट्रॅक्टर भिजला तरी चालतो गं!"

"मग ह्ये कसलं येवढं नाजूक? आन् येवढं पैसं मोजून घेतलंस?"

वृषाली धावत आली आणि तिने कपाळाला हात लावला. "पप्पा, यातली निम्मी पानं रिद्धीची आहेत."

"कोणती निम्मी?"

"तसं नाय हो पप्पा. सगळ्यातलीच निम्मी."

सुदर्शनने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुणी कुणाला बोलायचं न्हाई. आज वाळवू, उद्या तू वाच. हाय काय आन् नाय काय."

त्या दिवशी पुस्तक गच्चीवर उन्हात ठेवलं. वारं सुटलं आणि पानांत धूळ बसली. सोमवारी पंख्याखाली ठेवलं, तर पानं कडेला वाळून वर आली आणि मधे एकमेकांना चिकटली. मंगळवारी सुदर्शनने इस्त्री फिरवली. घरभर खोबरं भाजल्याचा वास सुटला आणि शेजारच्या सखूबाई विचारून गेल्या, "आज करंज्या का काय, साळुबाय?" मग एकेका पानाआड वर्तमानपत्राचा तुकडा घातला. पुस्तक फुगून मिटेना. ते मिटावं म्हणून त्याच्यावर भाताचं पोतं ठेवलं, तर जी पानं सुटली होती तीही परत चिकटली.

वृषाली वही-पेन घेऊन शेजारीच बसून असायची.

"पप्पा, किडनी सुटली का?"

"किडनी न्हाई. लिवर सुटलंय बघ. ते वाच तवर."

"लिव्हर मी कालच वाचलं. कान सुटेल का?"

"जरा दम धर. वढला तर फाटंल कान."

असं करत तिला माणूस कळला, पण सुटा सुटा. गुडघ्यानंतर डोळा आला, डोळ्यानंतर आतडं. हृदयाचं प्रकरण सबंध चिकटलेलंच होतं. ती रात्री नीट जेवायची नाही. तिला पाहून सुदर्शनलाही घास जाईना. पोरीचा आठवडा आपल्या ओट्यावर वाया गेला, आणि पुढचा तर रिद्धीचा. वृषाली वाचणार कधी? शेठकडे आणखी दोन दिवस मागावेत, तर कारण काय सांगायचं?

शनिवारी सकाळी मुंग्या लागल्या. बारीक, लाल, आणि थेट पुस्तकाच्या पाठीत शिरणाऱ्या. सुदर्शनने पुस्तक झटकलं तशा त्या आणखी आत गेल्या. तो मुंग्यांची पावडर आणायला निघाला, तोच दारात टेम्पो थांबला.

"काय सुदर्शनराव!" सुवालालशेठ उतरले. "इकडं दुकानांना माल द्यायला आलो होतो. म्हटलं, उद्या कशाला खेप घालता, आजच नेतो पुस्तक. रिद्धी घरात नुसत्या येरझाऱ्या घालतीय."

"शेठ, आज... आज कसं..."

"का? वृषालीचं वाचून व्हायचंय का?"

वृषालीने बापाकडे पाहिलं. बापाने आपल्या आईकडे पाहिलं. साळुबाईंनी जाऊन पुस्तक टॉवेलात गुंडाळलं आणि शेठच्या हातात दिलं. "न्या. लई मन लावून वाचलंय पोरीनं."

टेम्पो दिसेनासा झाला तसा सुदर्शन एका चपलेत एका जागी उभा. मग दुसरी चप्पल शोधत ओरडला, "वृषे, गाडीवर बस! शेठनं टॉवेल सोडायच्या आत पोचलं पायजे."

पोहोचले तेव्हा टॉवेल सुटला होता. शेठच्या माजघरात टेबलावर पुस्तक होतं, पुस्तकातून मुंग्यांची रांग निघून टेबलाच्या कडेपर्यंत आली होती, आणि शेठच्या पत्नी सुमतीबाई दोन्ही हात पसरून टेबलाच्या आडव्या उभ्या होत्या.

"कुणी हात लावायचा नाही. जीव आहेत ते."

"आजी, माझा पेपर आहे!" रिद्धी रडकुंडीला आली होती.

"त्यांचंही काहीतरी असेलच. त्यांचं आवरलं की जातील."

"काकू, मी बाहेर नेऊन हळूच झटकतो," सुदर्शन म्हणाला.

"आणि पाय मोडला एखादीचा तर?"

सुमतीबाईंनी मागच्या दारात चिमूटभर पीठ आणि साखर टाकली, म्हणजे मुंग्या तिकडे जाव्यात. थोड्या गेल्याही. पण साखरेची बातमी अंगणात पसरली आणि बाहेरची एक रांग आत यायला निघाली. मग साखर आणखी लांब, तुळशीपलीकडे ठेवावी लागली.

शेठ इतका वेळ पुस्तकाकडे एकटक बघत होते. "सुदर्शन, पुस्तकाला मुंग्या कशा काय?"

"ज्ञान गोड असतंय, शेठ."

शेठ खाली वाकले आणि त्यांनी एकदाच वास घेतला. जन्म किराण्यात गेलेला. "खोबरं," ते म्हणाले. "ओलं. आणि भाजलेलं. दोन्ही."

मग सुदर्शनला सगळं सांगावं लागलं. नारळ, ऊन, पंखा, इस्त्री, भाताचं पोतं. सांगताना तो घामाने भिजला. शेवटी म्हणाला, "पोरीनं धड चार धडेबी वाचले न्हाईत, शेठ. चूक आमची. आता पुस्तक तुमच्याकडंच राहूद्या. तिचं बघू कसं तरी."

वृषाली पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

"पूजाच केली ना?" सुमतीबाई म्हणाल्या. "मग त्यात वाईट काय केलं?"

"पूजेला माझी ना नाही," शेठ म्हणाले. "पण आपल्या वाट्याच्या निम्म्या पानांचीच करायची होती."

दुपार अशीच गेली. सुदर्शन दर थोड्या वेळाने उठून रांग पाहून यायचा. "निम्म्या गेल्या," असं सांगायचा आणि पुन्हा बसायचा. दिवस मावळायच्या आत ताटं वाढली. सुमतीबाईंनी आग्रहाने दोघांना जेवायला बसवलं. सुदर्शनचा एक डोळा पोळीवर, एक टेबलावर. जेवणं झाली आणि शेवटची मुंगी टेबलाच्या पायावरून खाली उतरली.

"गेली!" म्हणत सुदर्शन उठला आणि उतावीळपणे त्याने पुस्तक एका हाताने उचललं.

कड् असा आवाज झाला. आठवडाभर भिजलेला, भाजलेला, दबलेला डिंक सुटला. निम्मं पुस्तक सुदर्शनच्या हातात राहिलं आणि निम्मं टेबलावर आपटलं.

सुदर्शन डोळे मिटून उभा राहिला. आता शेठ काय ते बोलतील, आणि ते ऐकून घ्यायचं, एवढंच त्याला सुचत होतं. पण त्याच्या हातातलं निम्मं कुणीतरी काढून घेतलं, आणि ऐकू आला तो पोरींचा आवाज.

"ए, हार्ट कुणाकडं आलं?"

"माझ्याकडं! अगं, आपटल्यावर पानं सुटली. तुझ्याकडं किडनी आहे बघ."

"उद्या दुपारी बदलू?"

"दुपारी बदलू!"

त्याने डोळे उघडले. दोघी कोपऱ्यात पाठीला पाठ लावून बसल्या होत्या आणि दोघींच्या मांडीवर निम्मं निम्मं पुस्तक होतं.

शेठ त्यांच्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे दुकानातून आणलं तेव्हाच फोडलं असतं तर?"

"येवढं महागाचं पुस्तक कोण फोडंल, शेठ?"

"तेच की राव. महाग होतं म्हणून आपण आठवडे वाटत बसलो."

तो आठवडाभर सुदर्शनने शिनोली-घोडेगाव अशा इतक्या खेपा घातल्या की वाटेतला चहावाला विचारू लागला, "आज कुठला अवयव, भाऊ?"

सोमवारी पोरी पेपरला आत गेल्या आणि सुदर्शन फाटकाबाहेर झाडाखाली पुस्तकाचं निम्मं घेऊन थांबला. शेजारी पेठ गावचे बाळासाहेब उभे होते. त्यांच्या मुलीचं, श्रेयाचं, स्वतःचं एकटीचं पुस्तक होतं. त्याला जाड प्लॅस्टिकचं कव्हर, आत एक सुरकुती नाही.

"तुमचं येवढंच?" त्यांनी विचारलं.

"निम्मं. दुसरं निम्मं शेठकडं हाय. कॉलेज सुटलं की संध्याकाळी एकमेकींना शिकवत बसतात. कटकटच न्हाई."

बाळासाहेबांनी आपल्या हातातलं जडशीळ पुस्तक वरखाली केलं. "आमची म्हणती, पप्पा, उचलल्यावरच झोप येती. महिना झाला, अजून वास नवाच हाय." मग ते जरा जवळ सरकले. "परवा ह्याच पुस्तकावरचा दुसरा पेपर हाय. हिच्या दोन मैत्रिणींकडं पुस्तकच न्हाई."

"मग?"

बाळासाहेबांनी फाटकाकडे पाहिलं, कुणी येत नाही याची खात्री केली आणि पुस्तक मधोमध उघडून पुढे केलं.

"त्या अंगानं जरा घट्ट धरता का, भाऊ?"

सुदर्शनने मागे छापलेल्या किमतीकडे एकदा पाहिलं. पण त्याने बाह्या सारल्या आणि आपल्या बाजूने धरलं.