उठू न देणारी गादी

गाद्यांच्या त्या दुकानात झोपायला सक्त मनाई होती. अर्थात ही मनाई गिऱ्हाइकांना नव्हती. गिऱ्हाइकाने आडवं व्हावं, लोळावं, कूस बदलावी, अशी तर मालकांची इच्छाच असे. मनाई होती ती फक्त नोकरांना, आणि नोकर म्हणजे एकटा रेडिओ.

त्याला रेडिओ म्हणत, कारण तो एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण कुणालाच सापडत नसे. गाद्यांबद्दल त्याला खरोखर सगळं माहीत होतं, आणि ते सगळं तो सांगत असे. गिऱ्हाईक आधी मान डोलवी, मग घड्याळ बघे आणि शेवटी "घरी विचारून येतो" म्हणून निघून जाई.

त्या दिवशी दुपारी जेवायला घरी निघताना मालकांनी त्याला दारातच धरलं.

"परवा ती बाई काय घ्यायला आली होती?"

"उशी, मालक."

"उशी! आणि तू तिला मणक्यांची नावं सांगत बसलास. बिचारी उशी न घेता डॉक्टरकडे गेली! आता ऐक. आज एक तरी 'निवांत' गादी विकून दाखव. नाही विकलीस तर उद्यापासून गोदामात जायचं. तिथे कापसाशी काय बोलायचं ते बोल."

'निवांत' ही दुकानातली सगळ्यात महागडी गादी. समोरच्या काचेमागे, रुंद पलंगावर, पांढरीशुभ्र चादर घालून ती मांडली होती. तिच्याकडे बघून लोक सुस्कारा सोडत आणि पुढे जात.

मालक गेल्यावर रेडिओ तिच्या कडेला टेकला. घरी त्याला नुकतीच जुळी झाली होती. दोघं पाळी लावून रडत, त्यामुळे बापाची पाळी कधी संपतच नसे. 'पाठ जरा सरळ करू, डोळे मिटायचे नाहीत,' असं त्याने स्वतःला बजावलं. पाठ सरळ झाली आणि पुढचं त्याला आठवत नाही.

जाग आली ती दाराच्या घंटीने. रेडिओचे डोळे उघडले, पण उघडले ते फक्त डोळेच. बाकीचा रेडिओ होता तिथेच पडून राहिला. डोक्याने हाताला हुकूम सोडला, 'ऊठ!' हाताने तो वाचलाही नाही. पायांकडे अर्ज केला, तर पाय रजेवर. जीभ टाळ्याला चिकटलेली. वरचा पंखा दिसत होता, त्याची घरघर ऐकू येत होती, पण मान म्हणून जी काही वस्तू असते ती जणू कुणी उसनी नेली होती.

त्यात छातीवर प्रचंड ओझं. रेडिओने डोळे खाली फिरवले. छातीवर मालक मांडी घालून बसले होते. "किती गाद्या खपल्या?" ते विचारत होते. मालक तर घरी जेवत होते. मग हे कोण? रेडिओने किंकाळी फोडली. बाहेर आलं ते एवढंच, "हंऽऽ."

"अहो, इकडे या. हे बघा काय ठेवलंय!"

हा आवाज मात्र खरा होता. पलंगाजवळ एक ठेंगण्या, ठसठशीत काकू उभ्या होत्या. त्यांच्यामागून कमरेला पट्टा बांधलेले एक ताठ गृहस्थ आले. ते शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले मास्तर होते. निवृत्त झाली होती ती शाळा; मास्तर नव्हते. रोज पहाटे ते घरातली कपाटं इकडची तिकडे सरकवत, आणि परवा त्यातल्याच एका कपाटाने त्यांच्या पाठीचा हिशेब चुकता केला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आडवे पडून राहा. मास्तर पाच मिनिटं आडवे पडत आणि सहाव्या मिनिटाला माळ्यावर सापडत.

"पुतळा आहे," काकू म्हणाल्या.

"पुतळ्याला घाम येतो का?"

"हल्ली काहीही येतं." काकूंनी रेडिओच्या गालात बोट खुपसलं. "अगंबाई! माणूसच आहे की. काय हो, ही गादी पाठीला चांगली का?"

'पळा! माझ्या छातीवर मालक बसलेत!' रेडिओ जिवाच्या आकांताने ओरडला.

"हंऽऽ."

"बघा," काकू खूश झाल्या. "किती शांतपणे सांगितलं. नाहीतर मागच्या दुकानातला तो! कानाचे पडदे फाडले मेल्याने."

मास्तर वाकून रेडिओच्या डोळ्यांत बघत होते. "अगं, याचं काहीतरी बिघडलंय. डोळे बघ कसे गरगर फिरताहेत."

"तुमचंच काहीतरी बिघडलंय, म्हणून तर आलोय. इतका आरामात पडलाय बिचारा, तेसुद्धा तुम्हाला बघवेना."

"मी याला उठवून दाखवतो." मास्तर दोन पावलं मागे सरले, छाती फुगवली आणि आख्खं मैदान दणाणून टाकणाऱ्या आवाजात ओरडले, "साऽवधान!"

कोपऱ्यातली उशांची चळत कोसळली. रस्त्यावरून जाणारे दोघेजण ताठ उभे राहिले. रेडिओ मात्र तसाच पडून होता.

काकूंनी तोंडावर हात ठेवला. "अहो, तुमच्या या आवाजाने मुख्याध्यापकसुद्धा उभे राहायचे! आणि याची पापणी हलली नाही. काय गादी आहे हो!"

ताठ झालेले दोघे आत आले. त्यांच्यामागून आणखी चौघं आली. कुणी रेडिओच्या तळव्याला गुदगुल्या करून पाहिल्या, कुणी त्याच्या कानाशी टाळी वाजवली. प्रत्येक प्रयोगानंतर गर्दीतून "वाऽ!" उमटत होतं, आणि गादीबद्दलचा आदर वाढत होता.

एवढ्यात मालक आले. काचेतून त्यांना पलंगावर आडवा झालेला नोकर दिसला, आणि जेवलेलं सगळं डोक्यात गेलं. गर्दी बाजूला सारत ते पलंगापाशी पोचले.

"अरे गधड्या, ऊ..."

"उठवू नका त्यांना!" काकू मध्ये आल्या. "ते आम्हाला गादी दाखवताहेत. आम्हाला हीच हवीय."

मालकांचा उगारलेला हात हवेतच थांबला आणि तिथून हळूच उतरून रेडिओच्या अंगाखालची चादर सारखी करू लागला. "हो, हो," मालक म्हणाले, "आमची नवी पद्धत आहे. बोलून काय दाखवायचं? झोपूनच दाखवतो आम्ही."

आता रेडिओला एक मालक छातीवर आणि एक मालक शेजारी दिसत होते. एका मालकाचीच त्याला धास्ती, तिथे दोन! त्या भीतीनेच त्याच्या पायाचा अंगठा हलला. मग बोटं, मग घोटा. छातीवरचे मालक विरून गेले, आणि रेडिओ सुटकेचा श्वास घेऊन उठू लागला. तोच उरलेल्या मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं.

"हललास तर बघ," दातांच्या फटीतून ते पुटपुटले.

मघाशी निदान हलता येत नव्हतं. आता हलता येत असून हलायचं नव्हतं. नाक खाजत होतं. त्यातून मालक गिऱ्हाइकांना गादीची माहिती देत होते, आणि ती साफ चुकीची होती. "सात थर आहेत," मालक सांगत होते. थर चार होते! "आत पिसं आहेत." आत रबर होतं! रेडिओच्या पोटात शब्द उकळत होते. त्याने ओठ आवळले, मुठी आवळल्या, डोळ्यांत पाणी आलं.

"बघा," काकू हळवेपणाने म्हणाल्या, "किती बरं वाटतंय त्यांना."

काकूंनी गादी घेतली. गर्दीतल्या आणखी दोघांनी नावं नोंदवली. शेवटचं गिऱ्हाईक दाराबाहेर पडल्याबरोबर रेडिओ ताडकन उठून बसला. "मालक, चार थर! आणि आत..." पुढचं सगळं मालकांनी त्याच्या तोंडावर दाबलेल्या उशीत गेलं.

"गोदाम रद्द," मालक म्हणाले. "उद्यापासून रोज इथेच झोपायचं."

संध्याकाळी टेम्पोतून गादी पोचवायला रेडिओ स्वतः गेला. त्याच्या मनाला खात होतं. पलंगावर 'निवांत' घातली, तीत रबर आहे हेही सांगून टाकलं. "असू दे की," काकू म्हणाल्या, "पिसांनी शिंका येतात." मास्तरांना हाताला धरून आडवं करून त्या चहा टाकायला गेल्या. मास्तरांनी लगेच एक डोळा उघडला.

"खरं सांग. दुकानात तू अडकला होतास ना?"

"हो, मास्तर." रेडिओला रडूच कोसळायचं बाकी होतं. "जाग आली होती, पण अंग काही केल्या हलेना. छातीवर..."

"तरी मी हिला सांगत होतो! बरं, आणि मालक आल्यावर?"

"तेव्हा सुटलो होतो. पुढचं नाटक."

"नाटक?" मास्तरांचा दुसरा डोळाही उघडला. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकूंचा. "अहो, पडूनच राहा बरं का! चहा तिथेच आणते. बिस्किटं हवीत का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मास्तरांना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी पाठ गादीत आणखी रुतवली. मग म्हणाले, "ते 'हंऽऽ' कसं काढायचं, जरा शिकव."

रेडिओने शिकवलं. घसा सैल, जबडा सैल, डोळे अर्धवट. मास्तर हाडाचे विद्यार्थी निघाले. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा पलंगावर जे काही होतं, ते ओंडक्यापेक्षा जेमतेमच जास्त जिवंत होतं.

"अहो, चहा."

"हंऽऽ."

"हलता येत नाही का?"

"हंऽऽ."

"अगंबाई, गादी लागू पडली!" असं म्हणून काकूंनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घालून त्यांच्या तोंडाशी धरला.

पंधरवड्यानंतर काकू दुकानात आल्या. रेडिओ काचेमागे कामावर, म्हणजे झोपलेला होता. काकू पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "नाटक पुरे. मला तुमच्याशी बोलायचंय."

रेडिओने डोळे आणखी घट्ट मिटले.

"डॉक्टरांनी परवाच सांगितलं, पाठ ठणठणीत आहे. पण आमचे हे हलत नाहीत. चहा मी द्यायचा, दार मी उघडायचं, पेपरसुद्धा मीच वाचून दाखवायचा. आणि काल मी भाजी आणायला गेले, तर परत येईपर्यंत कपाट या भिंतीचं त्या भिंतीला! ते काय चालत गेलं?"

"काकू," रेडिओ डोळे न उघडता म्हणाला, "चूक माझी आहे. मी त्यांना..."

"ते कळलं मला. तुमच्यासारखंच 'हंऽऽ' करतात." काकूंनी पर्स उघडली. "मी भांडायला नाही आले. मला तसलीच गादी आणखी एक हवी. माझ्यासाठी. माझीसुद्धा पाठ आहेच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ आणि हमाल गादी घेऊन जिना चढले. हमालाने गादी डोक्यावर तोलून धरली आणि रेडिओने बेल दाबली. आत काही हालचाल नाही. पुन्हा दाबली. आतून मास्तरांचा आवाज आला.

"अगं, बेल वाजतेय."

"ऐकू येतंय मला," काकूंचा आवाज आला. "उघडा की."

"मला हलता येत नाही."

"मलाही येत नाही."

मग मास्तर म्हणाले, "तुला कसं येत नाही? तुझी गादी अजून आली कुठे?"

"तीच आलीय हो दारात!"

"मग ती आत येईपर्यंत तू हलू शकतेस."

"आणि परवा ते कपाट कुणी हलवलं?"

रेडिओने पुन्हा बेल दाबली. डोक्यावरच्या गादीखालून हमाल म्हणाला, "दादा, आत कुणी आजारी आहे का?"

"नाही," रेडिओ म्हणाला, "दोघंही बरे आहेत. म्हणूनच वेळ लागतोय."

आत आधी एक खाट कुरकुरली, मग दुसरी. पावलं आली, थांबली, पुन्हा आली. दार उघडलं तेव्हा दोघंही उंबऱ्यात होते आणि दोघांचेही हात कडीवर होते.

"हे उठले म्हणून मी उठले," काकूंनी जाहीर केलं.

"ही उठली म्हणून मी," मास्तर म्हणाले.

"ते राहू द्या," हमाल कळवळला. "ही टाकू कुठे? माझी मान गेली."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तरांनी कमरेचा पट्टा घट्ट केला, पुढे होऊन गादीचं एक टोक उचललं आणि म्हणाले, "माझ्या शेजारी. आधी ते कपाट सरकवतो, मग जागा होते."

"काही नको सरकवायला," काकूंनी दुसरं टोक धरलं. "तुम्ही चहा टाका. मी अडकलेय."