निलंबित परवान्याचे निलंबन

दातांच्या एका डॉक्टरांनी दारू पिऊन भरदुपारी आपली गाडी बेकरीच्या भिंतीत घातली. बेकरीवाला पाणी प्यायला आत गेला होता म्हणून वाचला. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल डॉक्टरांचा वाहन परवाना आधीच निलंबित होता. हवालदाराने त्यांना तडक परवाना कार्यालयात आणले. हवालदाराला गाडी येत नसल्यामुळे ती डॉक्टरांनीच चालवली.

डॉक्टरांची बायको धावत आली. "साहेब, यांना अडवा हो! आज भिंत होती, उद्या आमचीच पोरगी यायची यांच्या गाडीखाली."

"काळजी करू नका, ताई. कायदा कडक आहे," साहेब म्हणाले. "परवाना निलंबित करू."

"तो निलंबितच आहे!"

साहेब गंभीर झाले. "पंचाईत आहे. जे आधीच लटकलंय, ते पुन्हा लटकवायचं कुठे?"

"आधी खाली उतरवावं लागेल, साहेब," कारकूनबाईंनी सुचवले. "परवाना सुरू करू. शिक्षेपुरता."

परवाना सुरू करायचा म्हणजे चाचणी आली. डॉक्टरांना धड उभे राहता येत नव्हते. पण चाचणी बसून द्यायची होती. त्यांनी मैदानाला झोकात फेरी मारली आणि फक्त 'वाहने सावकाश हाका' हा फलक पाडला. फलक कार्यालयाचाच असल्यामुळे कोणाची तक्रार आली नाही. डॉक्टर उत्तीर्ण झाले.

"आता करा निलंबित," बायको म्हणाली.

"तो अधिकार मोठ्या साहेबांचा."

"मग बोलवा त्यांना."

"ते सध्या निलंबित आहेत."

बायकोला रडू फुटले. "म्हणजे हे आता परत गाडी चालवणार?"

"हो, पण आता कायदेशीर," साहेबांनी धीर दिला. "सुधारणा आहे ना, ताई?"

कायद्याने हात टेकले तेव्हा बायकोने आपले वापरले. डॉक्टरांच्या खिशातली किल्ली काढून तिने मुठीत घट्ट धरली आणि ती फाटकाबाहेर आली. डॉक्टरांना ती मूठ काही केल्या उघडता येईना. तिथे डॉक्टरांची मित्रमंडळी जमली होती. आपणही होतो. हो, तुम्हीसुद्धा.

"वहिनी, चारचौघांत शोभतं का हे?" आपण म्हणालो. "द्या ती किल्ली. इथे तर आहे घर."

तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले आणि मूठ उघडली. मग डॉक्टरांनी मोठ्या मनाने विचारले, कोणाला वाटेत सोडायचे आहे का, आणि मागच्या सीटवर आपण दाटीवाटीने बसलो.