किल्लीवाल्यांचं ‘शक्यच नाही’

किल्लीवाल्यांनी त्या संध्याकाळी एवढंच ठरवलं, की सिनेमाला निघण्याआधी बायकोला खरं कुलूप म्हणजे काय ते एकदा दाखवून द्यायचं. पुढचं सगळं महाभारत त्यातून घडलं.

सव्वीस वर्षं ते कुलपं बसवत होते, किल्ल्या घासून देत होते. दहाव्या मजल्यावरून पडलेला नायक कपडे झटकून उठला तरी त्यांची हरकत नसे. एकट्यानं चाळीस जणांना लोळवलं तरी ‘व्यायाम असेल बुवा’ म्हणत. पण त्याच नायकानं तारेचा तुकडा काढून कुलूप उघडलं, की हे भर थिएटरात ओरडत, “शक्यच नाही!” (मागच्या वेळी बायको मध्यंतरानंतर दुसऱ्या रांगेत जाऊन बसली होती.)

“अहो, उद्या उतरतोय सिनेमा. तीन आठवडे वाट बघतेय मी,” बायकोनं बजावलं. “आज एक शब्द जरी बोललात, तर यापुढे तुमच्याबरोबर सिनेमा बंद. मी आणि आई जाऊ.”

“अगं, पण तो केसातल्या आकड्यानं दार उघडतो म्हणे!”

“उघडू दे की! तुमच्या बापाचं दार आहे का?”

हे मात्र लागलं. “या, दोघी बाहेर या. हे कुलूप बघा. या आठवड्यात अशी अकरा बसवलीत मी. नुसतं दार ओढलं की बंद. आता उघडून दाखवा!” आणि त्यांनी ऐटीत दार ओढलं.

“किल्ली घेतलीत ना?” सासूबाईंनी विचारलं.

किल्लीवाल्यांनी शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचा, मग पुन्हा शर्टाचा. किल्ली आत टेबलावर होती, तिच्याखाली तिन्ही तिकिटं आणि टेबलाखाली हत्यारांची पिशवी.

“थांबा, दुकानातून दुसरी हत्यारं आणतो.”

“आणि दुकानाची किल्ली?”

ती त्याच जुडग्यात होती.

खेळाला पंचवीस मिनिटं उरली. मग ज्या प्रकाराला ते जन्मभर हसले, तोच त्यांनी केला. चार पावलं मागे गेले आणि धावत येऊन दारावर खांदा आदळला. दार हललं नाही, खांदा हलला. आवाज ऐकून शेजारच्या काकू डोकावल्या. “कुलूप अडकलं का? अहो, मग त्या किल्लीवाल्यांना... अगं बाई, तुम्हीच का!”

बायकोचे डोळे भरून आले. किल्लीवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“जावईबापू, जरा सरकता का?” सासूबाईंनी अंबाड्यातला आकडा काढला.

“आई, कशाला उगाच? ते शक्यच ना...”

कट्! दार उघडलं.

किल्लीवाल्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. सव्वीस वर्षांत असा हात त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी आकडा बघितला, कुलूप बघितलं आणि सासूबाईंना चक्क हात जोडले. “आई, धन्य आहे तुमची! शिकलात कुठं?”

“सिनेमात बघितलं होतं.”

ते वेळेवर पोचले. पडद्यावर नायकानं केसातला आकडा काढला, तसा बायकोनं नवऱ्याचा हात घट्ट दाबून धरला. गरज नव्हती. किल्लीवाले आ वासून, देवदर्शनाला बसल्यासारखे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सगळं खरं वाटत होतं.

तेवढ्यात शेजारून खणखणीत आवाज आला, “शक्यच नाही!”

“आई!” बायको किंचाळली.

“अगं, एवढा वेळ लागतो का कुठं?” सासूबाई साऱ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “आमच्या जावयांनी बसवलेलं कुलूप तर एका झटक्यात उघडलं!”

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थानं वळून किल्लीवाल्यांकडे पाहिलं. ते अकरांपैकी सातवं गिऱ्हाईक होतं. सिनेमा तसाच टाकून ते घराकडे पळत सुटलं.