गायकवाडकाका तपासून कळवतात

एटीएममध्ये पिन उलटा दाबला की पोलीस धावत येतात, असा एक ईमेल तेव्हा सगळीकडे फिरत होता. तुम्ही-आम्ही तो वाचला, ‘बापरे’ म्हटलं आणि आणखी दहा जणांना पाठवला. आमचे गायकवाडकाका मात्र उठले, उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेले आणि खरोखर पिन उलटा दाबून पोलिसांची वाट बघत उभे राहिले.

पोलीस काही आले नाहीत. पुन्हा पुन्हा दाबला, तर मशीनने कार्डच गिळलं. मग काका स्वतः चालत चौकीवर गेले आणि हवालदाराला म्हणाले, “काय हो, तुम्ही आला का नाहीत?” हवालदाराने त्यांना पाणी पाजलं आणि रिक्षात बसवून दिलं. परत आले ते थेट माझ्या दारात. “सुनीता, लिही. एटीएम, रिजेक्ट!”

काका अंबरनाथला आमचे शेजारी. अख्खी नोकरी एका फॅक्टरीत इन्स्पेक्शनला काढलेली. समोर येईल तो माल तपासायचा आणि पास नाहीतर रिजेक्ट म्हणायचं. रिटायर झाले, काकू गेल्या, तरी सवय सुटली नाही. आता माल इंटरनेटवरून यायला लागला, एवढाच फरक. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. माझ्याकडे होता, कॅम्प दोनच्याच एका सिंधी दुकानदाराने जुळवून दिलेला. त्यामुळे काकांची लॅब माझ्या घरी! कोल्ड्रिंकने संडास चकाचक होतो म्हणे, तर संडास माझा. टूथपेस्टने चांदी उजळते, तर पैंजण माझे. कापलेला कांदा सर्दीचे जंतू ओढून घेतो म्हणून माझ्या हॉलच्या चारी कोपऱ्यांत कांदे ठेवले. आठवडाभर घराला भेळेच्या गाडीचा वास, आणि सर्दी झाली ती काकांनाच. “रिजेक्ट,” ते शिंकत म्हणाले, आणि जाम खूश होते.

‘हा मेल दहा जणांना पाठवला नाही तर नोकरी जाईल’ यावर मात्र त्यांची पंचाईत झाली. “मी पडलो रिटायर. टेस्ट घेणार कशी? तुझ्या नवऱ्याच्या नावावर घेऊ या का?”

मी लाटणं दाखवलं तेव्हा ती टेस्ट रद्द झाली.

टेस्ट झाली की रिपोर्ट. काका उभं राहून सांगणार आणि मी टाईप करणार. एकदा मी वैतागलेच. “काका, माझी बोटं झिजली. हे वाचतं तरी कोण?”

कारण रिपोर्ट एकाच पत्त्यावर जायचा, रेखाच्या. रेखा त्यांची एकुलती एक मुलगी, बंगलोरला असायची. हे सगळे मेल तीच पाठवायची, पण पन्नासेक जणांना एका फटक्यात, त्यात एक नाव वडलांचं. स्वतःचा एक शब्द नाही. ‘पप्पा, कसे आहात’ एवढंसुद्धा नाही.

त्याचं असं झालं होतं. रेखाने आपल्या पसंतीचा मुलगा, नितीन, घरी आणला, तेव्हा काकांनी त्याला तासभर खोदून खोदून प्रश्न विचारले आणि तोंडावर म्हणाले, “रिजेक्ट.” बिचारा अर्धा चहा टाकून उठला. रेखाने लग्न त्याच्याशीच केलं. तेव्हापासून फोन बंद, येणं-जाणं बंद.

“नसेल वाचत,” काका म्हणाले. “पण अगं, यादीतून माझं नाव तिने काढलं नाही. काढता आलं असतं ना? मग माल मिळाल्याची पोच तरी मी द्यायला नको?”

मी मुकाट्याने कीबोर्ड पुढे ओढला.

मग एका रविवारी मेल उघडला, तर त्यात यादीच नव्हती. फक्त काकांचं नाव.

‘पप्पा, नितीनला कालपासून उचकी लागलीय, थांबतच नाही. जिभेखाली साखर ठेवायचा उपाय तुम्ही पास केला होता ना? का ग्लासच्या उलट्या बाजूने पाणी प्यायचा? तुमच्या दोन रिपोर्टमध्ये माझा गोंधळ होतोय.’

“काका!” मी ओरडलेच. “अहो, ती वाचत होती! सगळे रिपोर्ट वाचत होती!”

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरून बसले. मी विचारलं, “लिहू का, साखर पास म्हणून?”

“नको. फोन लाव.”

बंगलोरचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. मी लावून दिला. पलीकडून जावयानेच उचलला. ‘हॅलो’च्या पाठोपाठ एवढी मोठी उचकी आली की मलाही ऐकू आली. काका खाकरले.

“जावईबापू, मी गायकवाड. रेखाचा पप्पा.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी हातानेच ‘बोला, बोला’ केलं.

“साखर-बिखर राहू द्या,” काका म्हणाले. “ती उचकी माझ्यामुळे लागली असणार. मी आठवण काढतोय ना तुमची. रोज काढतो.”

मी रिसीव्हरजवळ कान नेला. मग नितीनचा आवाज आला.

“थांबली, पप्पा.”