दोन डिस्क आणि सहा कप

"अर्ध्या तासाचं काम आहे!" भंडाऱ्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या टेकचंद पटले सरांनी सकाळी दहा वाजता प्राचार्य भय्याजींना सांगून टाकले. "यंत्राला लहर नसते. त्याला फक्त तर्क कळतो."

१९८८ साली कॉलेजात संगणक एकच होता आणि त्याच्या पोटातली एकुलती एक डिस्क काठोकाठ भरली होती. तीत वैनगंगेच्या पाण्याच्या तीन वर्षांच्या नोंदी होत्या. त्यांवरच्या शोधनिबंधाचा शेवटचा तक्ता मात्र मावत नव्हता. म्हणून नागपूरहून दुसरी डिस्क मागवली होती. निबंध छापून चारच्या एस.टी.ने भय्याजींबरोबर नागपूरला जायचा होता. मुदत आजच संपत होती. मूळ वह्या? त्या सरांनी उन्हाळ्यातच रद्दीत घातल्या होत्या. विज्ञानावर एवढा विश्वास तर हवाच!

झाकण उघडले. प्रत्येक डिस्कच्या मागे पिनांच्या जोड्या होत्या. ज्या जोडीवर मुगाएवढी काळी टोपी बसवावी, तो त्या डिस्कचा क्रमांक. जुन्या डिस्कची टोपी दोनवर होती.

"पहिली डिस्क, आणि क्रमांक दोन? दुकानदार झोपेत होता काय!"

सरांनी तिला एक क्रमांक दिला, नवीला दोन, आणि दोघींना एकाच केबलवर बसवले. केबलच्या टोकाशी काही तारांना पीळ होता. तोही दुकानदाराचा गबाळेपणाच, असे त्यांनी ठरवले.

बटण दाबले. यंत्र म्हशीसारखे घोरले आणि पडद्यावर उमटले: डिस्क सापडत नाही.

"दोन असताना एकही नाही?"

कँटीनवाली पंचफुलाबाई चहा घेऊन आली. टेबलावर डाग पडू नये म्हणून सरांनी कपाखाली नव्या डिस्कचे माहितीपत्रक सरकवले. ज्याला तर्क येतो, त्याला माहितीपत्रक लागते कशाला!

सरांनी टोप्यांची अदलाबदल केली. जुनीला दोन, नवीला एक. पुन्हा तेच. पिना घासल्या, केबल झटकली, स्क्रू आवळले. प्रत्येक प्रयत्नामागे एक चहा. दीड वाजेस्तोवर माहितीपत्रक कपांखाली दिसेनासे झाले आणि सरांचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला.

"काहून जी सर, सकाळपासून याचं पोट फाडून बसले?" सहावा कप ठेवत पंचफुलाबाई म्हणाली.

"दोन डिस्क आहेत. एकीला एक दिला, दुसरीला दोन. चालत नाहीत. उलट केलं, तरी नाही! तीन वर्षांचं काम बुडतंय माझं!"

"माह्या सुनाइवानी झालं हे. मोठीले लाल लुगडं आणलं, लहानीले हिरवं. भांडल्या. अदलाबदल केली, तवाबी भांडल्या. मंग दोघीलेबी हिरवंच आणलं. आता घरात आवाज नाही पाहा!"

"बाई, ही यंत्रं आहेत! दोघींना एकच क्रमांक दिला तर कोणती पहिली, हे कळणार कसं?"

"चुलीपाशी कोन बसते, त्यावरून मोठी कळते जी. लुगड्यावरून कायले वळखा लागते?"

सरांनी भिंतीकडे पाहिले. घड्याळ बोलत होते. केवळ हे मत प्रयोगाने खोडून काढण्यासाठी त्यांनी दोन्ही टोप्या दोनवर बसवल्या. बटण दाबले.

दोन्ही डिस्क निमूटपणे हजर! नोंदीही जागच्या जागी!

नवी डिस्क वापरायला तयार करण्यात तास गेला. प्रिंटर रडतखडत शेवटचे पान ओकला, तेव्हा साडेतीन वाजले होते. भय्याजींनी निबंध पिशवीत घातला.

"पटले, शेवटी जमलं कसं?"

"एका अनुभवी तज्ज्ञाचा सल्ला घेतला, सर."

"नागपूरच्या?"

एवढ्यात खिडकीतून आवाज आला, "बातचीत मंग करा जी, माहे सहा कप द्या पहले!"

भय्याजी हसू दाबत एस.टी. गाठायला निघाले. सर कप उचलू लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावा उचलला, तर खाली माहितीपत्रकावर चहाचे गोल कडे, आणि कड्याच्या बरोबर मध्ये ठळक इंग्रजीत एक वाक्य. अर्थ स्वच्छ होता: केबलला पीळ असल्यास दोन्ही डिस्कना क्रमांक दोनच द्यावा; पहिली कोणती, हे केबलवरच्या जागेवरून ठरते.

सरांनी खिडकीकडे पाहिले. सहावा कप अलगद जागेवर ठेवला आणि त्याच्यापुढे खुर्ची ओढून बसले.

"पाचच होते, पंचफुलाबाई."

वीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी खोटी नोंद केली ती एवढीच.